कान्होबांचा अर्धा वाटा

घरात काही विपरीत घडले की सांत्वनाला आलेल्या चार जणांतल्या एकाच्या तरी तोंडी तुकोबांचा एक अभंग येतो. पेरणी वाया गेलेली असते, धंदा बसलेला असतो, ठरलेले लग्न मोडलेले असते. आणि देव ज्या स्थितीत ठेवील त्या स्थितीत मन शांत ठेवून जगावे, अशा अर्थाचे ते शब्द हलक्या आवाजात उच्चारले जातात. ऐकणारा मान हलवतो. हे शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की ते उच्चारणाऱ्याने आधी काय गमावले होते आणि गमावल्यावर काय केले होते, हे विचारायचे राहूनच जाते. परिणामी देवावर भार टाकणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा अर्थ आपल्या बोलण्यात मुरला आहे. तुकोबांच्या आयुष्याचा जो भाग इतिहासाच्या प्रकाशात थोडाफार दिसतो, तो याच्या नेमके उलट सांगतो. मनासारखे काहीच घडले नाही तेव्हा या माणसाचा देवावरचा भरवसा सर्वांत आधी उतरला तो त्याच्या हिशेबाच्या कागदांवर. अभंगरचना त्यानंतरची. हा क्रम महत्त्वाचा आहे असे मला वाटते, आणि तो नीट पाहायचा तर संत तुकाराम थोडा वेळ बाजूला ठेवून देहूच्या वाण्याकडे जावे लागते.

सर्वमान्य गणनेनुसार तुकोबांचा जन्म १६०८ चा. घर खाऊनपिऊन सुखी. जातीने कुणबी, धंद्याने वाणी, आणि गावाच्या पेठेची महाजनकी घराण्यात चालत आलेली. विठ्ठलाची भक्तीही तशीच वारशाने आलेली. मूळ पुरुष विश्वंभरबोवा यांनी देहूत विठ्ठलमूर्तीची स्थापना केली, असे परंपरा सांगते. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. सावजीचे मन संसारात नव्हते, म्हणून वडिलांनी दुकान आणि देवघेव मधल्या मुलाच्या हाती दिली, तेव्हा तो मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. म्हणजे योजना ठरलेली होती. वडिलोपार्जित पेढी, दोन बायका, घरात दूधदुभते, पंढरीची वारी आणि शेवटी मुलाच्या हाती किल्ल्या. पुढच्या काही वर्षांत आईवडील गेले, भावजय वारली, सावजी तीर्थाटनाला निघून गेला. तरीही पेढी उभी होती. ती कोसळली १६३० नंतर.

त्या साली दख्खन आणि गुजरातेत पावसाने दगा दिला. पुढचे वर्षही सावरणारे नव्हते. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आजही हात थबकतो: पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली जात होती, बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस खपवले जात होते, माणसाने माणूस खाल्ल्याच्या वार्ता होत्या. बादशहाचे बस्तान तेव्हा बुऱ्हाणपुरात होते. तिथे दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले गेले, अशी नोंद लाहोरी अभिमानाने करतो. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी रस्त्याच्या कडेने पडलेली प्रेते पाहत गेला आणि त्याने ते लिहून ठेवले. देहूच्या आसपास दुष्काळाला लढाईची जोड मिळाली होती. निजामशाही अखेरचे श्वास मोजत होती, मोगल आणि आदिलशाही फौजा मुलूख तुडवत होत्या, आणि याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे जाळून तिथे गाढवांचा नांगर फिरवला. बुऱ्हाणपूरचे सोमवार देहूपर्यंत पोचण्याचे काही कारणच नव्हते.

या दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली. परंपरेप्रमाणे तिला दम्याचा विकार होता. मुलगा संतूही गेला. याबाबत आपल्याला केवळ चरित्रकारांवर विसंबावे लागत नाही, कारण स्वतः तुकोबांनी एका आत्मकथनपर अभंगात हा क्रम सांगितला आहे. दुष्काळाने पैसा गेला, पैशाबरोबर मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, त्याची लाज वाटली, व्यवहार पाहावा तर त्यात तूट येत होती, आणि मग देवाचे मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावे असे मनात आले. ‘लाज’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. दुःख हा शब्दही त्याच ओळीत आहे. पण धान्याचा व्यापार करणाऱ्याच्या घरात माणूस उपाशी मरतो, तेव्हा त्याला जे वाटते ते निव्वळ दुःख नसते. ज्या व्यवस्थेचा आपण भाग होतो, तिने आपल्याच दारात काय केले हे त्याला दिसलेले असते.

ती व्यवस्था कशी चालायची, ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. गावचा वाणी आषाढात बियाणे आणि खाण्यापुरते धान्य उसने देई, आणि सुगीला ते सवाईने किंवा दिढीने परत घेई. म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. शिवाय सरकारचा हप्ता, लग्नकार्य, मेलेल्या बैलाच्या जागी नवा बैल यांसाठी रोकड लागे, ती खत लिहून घेऊन दिली जाई. खतात ऋणकोचे नाव, रक्कम, व्याज, मुदत आणि साक्षी. हा कागद म्हणजे खरे तर भविष्याबद्दलचे एक विधान असते. पाऊस पडेल, पीक येईल, तू जगशील आणि मला देशील. चांगल्या वर्षी हे विधान सहज खरे ठरते, म्हणून त्यातला गृहीत भाग कोणाच्या लक्षातही येत नाही. पाऊस गेला की विधान खोटे ठरते, पण कागद मात्र खराच राहतो. निसर्गाने मोडलेला करार पाळण्याची सगळी जबाबदारी मग एकट्या कुणब्यावर येते. त्याच्याकडे बैल असेल तर बैल, बायकोच्या अंगावर फुटका मणी असेल तर तो, आणि काहीच नसेल तर त्याची पुढची कितीतरी वर्षांची मेहनत. दुष्काळ ओसरल्यावर गावात ज्याच्या घरी खतांचे गाठोडे शाबूत आहे, त्याच्या हातात वाचलेल्या प्रत्येकाची मान असते.

तुकोबांनी ते गाठोडे इंद्रायणीत बुडवले. ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग मात्र कीर्तनातही घाईने उरकला जातो. धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला. आपल्याला संसार करायचा आहे, सगळे कागद बुडवून कसे चालेल, असे त्याचे म्हणणे. मग खतपत्रांची दोन भागांत वाटणी झाली. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या स्वाधीन केला गेला आणि तुकोबांनी फक्त स्वतःचा अर्धा वाटा पाण्यात सोडला. मला या सगळ्या चरित्रात याहून मोलाचा तपशील दुसरा दिसत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा बराचसा भार मी त्याच्यावरच ठेवतो आहे.

यावर पहिली शंका साधनांची. ही कथा आपल्यापर्यंत प्रामुख्याने ताहराबादच्या महिपतींच्या लेखणीतून येते. त्यांचा भक्तलीलामृत हा ग्रंथ १७७४ चा, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांचा. महिपतींना संतांचे माहात्म्य सांगायचे होते, दस्तऐवज तपासायचे नव्हते. मग त्यातले खरे किती मानायचे? शंका रास्त आहे आणि चमत्कारांच्या बाबतीत ती सोडूनही चालणार नाही. पण माहात्म्य सांगणारा माणूस जेव्हा गोष्ट रचतो, तेव्हा ती पूर्ण रचतो. नायकाने सर्वस्व बुडवले, असे सांगणे त्याच्या दृष्टीने अधिक शोभिवंत झाले असते. अर्धे कागद बुडवले आणि अर्धे भावाने राखून ठेवले, यात माहात्म्याला उणेपणाच येतो. भक्तिकथेच्या गळ्यात अडकणारा असा तपशील बहुधा स्मृतीतून आलेला असतो, कल्पनेतून नव्हे. देहूत दोन्ही भावांचे वंशज होते. कोणाच्या वाट्याला काय आले, हे घराघरांत आठवले जाणारच. त्यामुळे या एका बाबतीत परंपरेवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. दुष्काळात कुळे मेली, परागंदा झाली. त्यांच्या नावची खते म्हणजे रद्दी. ती बुडवण्यात त्याग कसला? दिवाळखोराने न येणारी येणी सोडून द्यावीत आणि लोकांनी त्याला वैराग्य म्हणावे, असे तर हे नाही? याचे उत्तर कान्होबांनीच देऊन ठेवले आहे. तो दुकानात वाढलेला मुलगा होता. कोणते कूळ मेले आणि कोणते घाटाखाली पोट भरायला गेले आहे, हे त्याला ठाऊक होते. रद्दीच्या वाटणीसाठी कोणी भावाशी भांडत नाही. त्याने अर्धा वाटा मागितला, म्हणजे त्या कागदांची किंमत त्याच्या हिशेबाने शून्य नव्हती. उलट, काही वर्षे थांबण्याची तयारी असेल तर दुष्काळानंतरचे खत दुष्काळाआधीच्या खतापेक्षा जास्त जमीन आणि जास्त राबणूक मिळवून देते. तुकोबा ज्या क्षणी कागद सोडत होते, तो क्षण सावकारीच्या दृष्टीने अगदी चुकीचा होता. पेढी पुन्हा उभारायची झाल्यास त्या कागदांखेरीज त्यांच्याजवळ दुसरे भांडवल नव्हते.

इथे राज्यकर्ते काय करत, त्याच्याशी तुलना करून पाहावी. उद्ध्वस्त मुलूख पुन्हा वसवायचा असेल तेव्हा दख्खनच्या कारभारात दोन जुनी साधने होती: कौल आणि इस्तावा. कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द; परत या, तुम्हाला उपद्रव होणार नाही. इस्तावा म्हणजे चढता सारा, पहिल्या वर्षी नाममात्र आणि मग सालोसाल वाढत पूर्ण दरापर्यंत. दादोजी कोंडदेवांनी पुणे प्रांत पुन्हा लागवडीला आणला तो याच रीतीने, असे सांगितले जाते. ओसाड शेतावर पूर्ण सारा मागितला तर रयत परत येत नाही, एवढे सरकारलाही कळत होते. पण खासगी कर्जाला इस्तावा नव्हता. गाव सोडून गेलेला कुणबी सरकारचा कौल घेऊन परतला, तरी वाण्याच्या घरातले खत त्याची वाट पाहत बसलेले असे. तुकोबांच्या वाट्यातली कुळे या फासातून सुटली. त्यांनी हे अर्थकारण असे मांडून केले, असा माझा दावा नाही. पण केलेल्या गोष्टीचा परिणाम गावात हाच झाला असला पाहिजे. इंद्रायणीच्या काठी एका वाण्याने आपल्या अर्ध्या कुळांना दिलेला तो कौलच होता.

आता कोणी विचारील, यात देव कुठे आला? दयाळू माणूस देव न मानताही कर्ज माफ करू शकतो. शकतो, यात वाद नाही. पण तुकोबांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडल्या होत्या, ते त्यांच्याच शब्दांतून कळते. आणखी एका अभंगात ते देवाला म्हणतात की दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने छळले हे बरे झाले. बायकोची तोंडाळ जीभ, लोकांतली फजिती, सगळ्याची ते या ‘बरे’मध्ये भर घालतात. हा अभंग वाचून अस्वस्थ न होणारा माणूस विरळा. ज्या दुष्काळात बायको आणि मूल गेले, त्याला बरे कसे म्हणवते? उत्तर अभंगाच्या रचनेत आहे. त्यातले प्रत्येक ‘बरे’ स्वतःच्या हानीबद्दल आहे. माझा पैसा गेला, माझा मान गेला, मी तुझ्याकडे वळलो. शेजाऱ्याच्या उपासमारीला ते बरे म्हणत नाहीत, आणि त्या आत्मकथनपर अभंगात रखुमाईच्या मृत्यूची आठवण येते तिथे ‘बरे’ नाही, ‘लाज’ आहे. स्वतःच्या नुकसानीकडे देवाची देणगी म्हणून पाहणारा आणि दुसऱ्याच्या नुकसानीकडे स्वतःची लाज म्हणून पाहणारा, असा हा भरवसा आहे. आपण सांत्वनात नेमके उलट करतो. दुसऱ्याच्या संकटात देवाची इच्छा शोधतो, आणि स्वतःवर वेळ आली की वसुलीला निघतो.

खत हे भविष्याबद्दलचे विधान असते, असे वर म्हटले. ते पाण्यात सोडणे म्हणजे उद्यावरचा आपला दावा सोडणे. उद्या काय येईल ते देवाच्या हातात, ही भाषा तोंडाने बोलणे सोपे आहे. पण बोलणाऱ्याच्या कपाटात कुळांच्या मेहनतीवर हक्क सांगणारे कागद असतील, तर त्याचा खरा भरवसा त्या कागदांवर असतो. तुकोबांनी हा दुटप्पीपणा ओळखला. देवावर विसंबायचे तर आपले नुकसान खालच्या माणसाच्या माथी मारण्याचा मार्ग आधी बंद करायला हवा. म्हणूनच मी म्हणतो की कागद बुडवणे ही त्यांची पहिली रचना आहे. त्यानंतर त्यांनी काय केले तेही पाहावे: विश्वंभरबोवांचे पडके देऊळ दुरुस्त करायला घेतले. हे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि दगडमातीचे ते काम त्यांनी आपल्या हातांनी केले असे परंपरा म्हणते. हात जोडून स्वस्थ बसलेल्या माणसाचे हे चित्र नव्हे.

भरवसा ठेवणारा तक्रार करत नाही, हीदेखील आपली एक समजूत. गाथेतले साडेचार हजारांच्या घरातले अभंग या समजुतीला जागोजागी तडे देतात. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, त्याच्या नावाला बट्टा लागेल असा धाक घालतात, आणि एका क्षणी आपल्यापुरता देव उरलाच नाही असेही म्हणून जातात. हे त्यांच्या एकट्याचे नव्हे. मंगळवेढ्याचे चोखोबा याच परंपरेतले. देवळाच्या पायरीवरून त्यांनी देवाला जे प्रश्न विचारले, त्यांची धार अजून बोथट झालेली नाही. वारकरी परंपरेने हे सगळे अभंग जपले, गायले, पाठ केले. अश्रद्धेचे म्हणून वगळले नाहीत. ज्याच्यावर आपला काही हक्क आहे त्याच्याशीच माणूस असे भांडतो. कुळांवरचा हक्क सोडलेल्या माणसाने देवावरचा हक्क मात्र सोडला नाही, वाढवलाच.

इथे एका जुन्या आणि वजनदार आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वारकरी संतांच्या शिकवणीला सहिष्णू म्हटले आणि तिच्यासमोर रामदासांचा जयिष्णू महाराष्ट्रधर्म उभा केला. सोसण्याच्या या शिकवणीने समाज पंगू झाला, असा त्यांचा एकंदर रोख होता. न्यायमूर्ती रानड्यांचे मत वेगळे. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथात त्यांनी संतांच्या चळवळीने स्वराज्याची भूमी नांगरली, असे प्रतिपादन केले. दोघेही थोर, आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. पण दोघांचा प्रश्न एकच होता: या भक्तीचा राज्याला उपयोग काय झाला? देहूच्या पेठेत तिचा काय उपयोग झाला, हे दोघांपैकी कोणी विचारले नाही. सोसणे म्हणजे काय, याचा निकाल कोण कोणाचे सोसतो आहे यावर लागतो. वरच्याने लादलेले खालच्याने मुकाट्याने सोसावे, ही शिकवण खरोखर माणसाला पंगू करते, आणि अभंगांतल्या ओळी तशा वापरल्या गेल्या हे नाकारता येणार नाही. तुकोबांनी मात्र खालच्याचे नुकसान वरच्याने, म्हणजे धनकोने, आपल्या अंगावर घेतले. याला सहिष्णुता म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. तिच्या अंगी पंगुत्व नव्हते.

याहून अवघड प्रश्न जिजाईचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची ही लेक, तुकोबांची दुसरी पत्नी. लोककथेने तिला कजाग ठरवून मोकळे केले. पण तिच्या बाजूने हिशेब मांडला तर काय दिसते? घरात उपास पडल्याचे तिने पाहिलेले. पदरात मुले. नवऱ्याचा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून तिने स्वतःच्या नावावर पैसे उचलून भांडवल करून दिले, त्यात त्यांना नफाही झाला, आणि परत येताना तो सगळा पैसा त्यांनी अडचणीत सापडलेल्या एका ब्राह्मणाला देऊन टाकला, अशी कथा महिपती सांगतात. हे सावकाराने कुळाचे सोसणे नव्हते. इथे एकाच्या भरवशाची किंमत दुसरी माणसे मोजत होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. कान्होबांना वाटणी मागता आली, कारण ते भाऊ होते. जिजाईला वाटणी मागण्याची सोय त्या समाजात नव्हती. तिच्याजवळ फक्त जीभ होती आणि ती तिने वापरली. तुकोबांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तिचे बोल त्यांनी दडपले नाहीत; बायकोची गाऱ्हाणी सांगणारे अभंग गाथेत आहेत आणि ते वाचताना तिचे म्हणणे खोटे वाटत नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाणारी हीच बाई होती. तिच्या त्या चढणीला भरवशाच्या इतिहासात जागा द्यायला हवी. डोंगरावर बसून देवाशी भांडणाऱ्याची भाकरी कोणीतरी खाली थापत होते, हे विसरून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

खते बुडवल्याच्या घटनेनंतर साधारण दोनशे पंचेचाळीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. हे सुपे म्हणजे एके काळच्या शहाजीराजांच्या जहागिरीतलेच, पुणे-सुपे या जोडनावातले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाने नोंदलेल्या या उठावाचे कारण तेच जुने होते, फक्त नव्या कपड्यांत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सहज मिळू लागले, युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव गडगडले, त्यात साऱ्याची फेरआकारणी वाढीव झाली. भविष्याबद्दलचे विधान पुन्हा खोटे ठरले आणि कागद खरे राहिले. आता त्या कागदांमागे इंग्रजी कोर्ट होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला असे आढळले की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, खतांवर होता. सावकाराने कागद हवाली केले तर त्याला बहुधा इजा होत नसे. कागद चौकात आणून जाळले जात. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि खतावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. धनकोने आपण होऊन पाण्यात सोडलेली खते आणि ऋणकोंनी हिसकावून आगीत टाकलेली खते, यांच्यात अडीच शतकांचे अंतर आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांना तुकोबांचे उदाहरण आठवत होते, असे म्हणायला काही पुरावा नाही. पण त्यांच्या सावकारांपैकी बऱ्याच जणांना कोणता ना कोणता देव होता, आणि कोणाच्याही देवाने त्यांची पेटी उघडायला लावली नव्हती, एवढे दिसते. परंपरा तुकोबांचे शब्द सांभाळून ठेवते आहे आणि कागद बुडवण्याची रीत मात्र एका माणसाबरोबर संपली, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत खिन्न करणारी वाटते.

इंद्रायणीत पुढे आणखी एकदा कागद बुडाले. या वेळी ते अभंगांचे होते आणि वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून बुडवावे लागले होते. परंपरा म्हणते की तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठच्या शिळेवर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. त्या चमत्कारावर बोलण्याचा हा प्रसंग नव्हे. मला त्यातला फरक तेवढा नोंदवायचा आहे. पहिल्या वेळी त्यांनी कागद सोडले आणि मागे वळून पाहिले नाही. दुसऱ्या वेळी ते हटून बसले, कारण हे कागद त्यांना परत हवे होते. जे आपले म्हणून मागायचे आणि जे आपले म्हणून मागायचे नाही, यांतली रेघ त्यांनी स्वतःसाठी आखून घेतली होती. देव देईल ते घ्यावे, एवढ्या सरधोपट वाक्यात ही रेघ दिसत नाही.

तुकोबा गेले तेव्हा जिजाईच्या पोटात मूल होते. तो नारायण. मोठा झाल्यावर त्याने १६८५ मध्ये ज्ञानदेवांच्या आणि आपल्या वडिलांच्या पादुका एका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि आज आषाढात लाखो माणसे ज्या सोहळ्यात चालतात त्याचे रूप तिथून घडत आले. दिवाळे निघालेल्या पेढीच्या वंशात हे होईल, असे बोल्होबांच्या योजनेत कुठेच नव्हते.

आणि कान्होबा. अर्धे कागद राखून ठेवणारा हा भाऊ पुढे स्वतः अभंग रचू लागला; तुकयाबंधू या नावाने त्याच्या रचना गाथेत समाविष्ट आहेत. तुकोबा गेल्यावर त्याने केलेला विलाप मराठीतल्या सर्वांत उघड्या शोकांपैकी एक आहे. त्यात समाधान ढळू न देण्याची भाषा नाही. छाती फुटल्याची भाषा आहे, पांडुरंगाला दूषणे आहेत, धमक्यासुद्धा आहेत. एके काळी ज्याने भावाकडून कागदांची वाटणी काटेकोरपणे मोजून घेतली होती, तो आता देवाच्या दारात उभा राहून एकच येणे मागतो आहे: माझा भाऊ मला परत दे.